सीपीयूचा पंखा बदलायचाय: टॉवर, लिक्विड की आहे तोच बरा?

मध्यनिषाद

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरचा पंखा डोकं उठवतोय. मशीन असं आहे: रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, १६ जीबी रॅम, मध्यम ताकदीचं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसरच्या खोक्यात आलेला रेथ स्टेल्थ कूलरच अजून लावलेला आहे. कामं म्हणाल तर दिवसा कोडिंग, रात्री कधीतरी व्हिडिओ एडिटिंग, सुट्टीला गेम.

तक्रारी दोन. ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडला तरी पंखा एकदम चढतो आणि दोन सेकंदांत उतरतो. हे दिवसभर चालू. आणि व्हिडिओ रेंडरला टाकला की मग चढतो तो उतरतच नाही, तापमान ८२ च्या आसपास जाऊन थांबतं. कॉलवर समोरचे विचारतात, मागे व्हॅक्यूम क्लीनर चालू आहे का.

८२ अंश धोक्याचे आहेत का? हीटसिंक (पंख्याखालचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) तोच ठेवून नुसता पंखा बदलता येतो का? नाहीतर टॉवर (उंच, पातळ पत्र्यांचा कूलर) घ्यावा की लिक्विड (पाण्याने थंड करणारा)? जे सुचवाल ते का, हेही लिहा. नुसती मॉडेलची नावं नकोत, ती सगळीकडे सापडतात.

खटपट्या

केबिनेट कुठलं ते लिहिलंच नाहीत. कूलरची निवड तिथून सुरू होते. केबिनेटच्या माहितीपत्रकात सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते, तो आकडा आधी टाका. बाकी गप्पा नंतर.

ऐरावत

नॉक्टुआ एनएच-डी१५ घ्या आणि विसरून जा. दोन टॉवर, १४० मिमीचे दोन पंखे. उद्या प्रोसेसर बदलला तरी कूलर तोच चालेल.

सुरवंट

@ऐरावत, ७६ वॉटच्या प्रोसेसरवर डी१५? मुंगी मारायला तोफ!

ऐरावत

मुंगी मरते ना, झालं तर मग.

शून्यगड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहेत. एएमडीने ५६०० साठी कमाल तापमान ९० अंश दिलंय. तुम्ही ८२ वर आहात, म्हणजे मर्यादेच्या आत. प्रोसेसर मर्यादेजवळ गेला की आपणहून वेग उतरवतो, त्याहून वर गेलाच तर मशीन बंद करतो. जळून जाण्याची भीती मनातून काढून टाका. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर तर पूर्ण भारात थेट ९५ पर्यंत जायचे हे धरूनच बनवलेत.

म्हणजे तुमची अडचण तापमानाची नाही, आवाजाची आहे. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण त्यावरून खरेदी बदलते. तापमान उतरवायचं म्हणून कूलर शोधला तर लोक तुम्हाला तक्ते दाखवतील आणि दोन अंशांसाठी भांडतील. आवाज उतरवायचा तर प्रश्न एवढाच: तेवढीच उष्णता किती कमी आरपीएमवर (पंख्याच्या मिनिटाला फेऱ्या) बाहेर काढता येईल?

वाटसरू_४०४

+१ शून्यगड. पहिल्या पानावरच धागा संपवलात राव.

निंबोणी

७६ वॉट कुठून आले? खोक्यावर तर ६५ लिहिलेलं असतं.

शून्यगड

@निंबोणी, खोक्यावर असतो तो टीडीपी, म्हणजे किती उष्णतेसाठी कूलर लागेल याचा कंपनीने दिलेला ढोबळ आकडा. एएमडीच्या प्रोसेसरला सॉकेटमधून (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) प्रत्यक्ष किती वीज घेऊ द्यायची त्याची वेगळी मर्यादा असते, तिला पीपीटी म्हणतात. एएम४ सॉकेटवर ५६०० सारख्या ६५ वॉटवाल्यांना ती ७६ आहे. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर ६५ चे ८८ होतात आणि १७० चे २३०. इंटेलचंही तेच. कोअर आय९-१३९००के च्या माहितीपत्रकात १२५ वॉट हा मूळ आकडा, पण टर्बोमध्ये (वाढवलेल्या वेगात) २५३. साध्या आय५-१२४०० लासुद्धा ६५ आणि ११७ असे दोन आकडे आहेत. कूलर घेताना नेहमी मोठा आकडा धरायचा.

आणि कूलरच्या खोक्यावर '२५० वॉट पेलतो' असं जे छापतात ते मनावर घेऊ नका. खोली किती गरम, पंखा किती वेगात, चिप केवढी, यातलं काहीच तिथे सांगितलेलं नसतं.

खटपट्या

टॅब उघडल्यावर पंखा चढतो यात कूलरचा दोष फारसा नाही. कूलर विकत घेण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) जा.

५६०० मध्ये सगळे कोअर एका लहानशा चिपलेटवर (चिपच्या तुकड्यावर) असतात, साधारण ८० चौरस मिमीची. शिवाय ती प्रोसेसरच्या झाकणाच्या बरोब्बर मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली. टॅब उघडला की एखाद-दोन कोअर पूर्ण वेगाने धावतात आणि सेन्सरवरचा आकडा क्षणात १०-१५ अंशांनी उडी मारतो. हीटसिंकला मात्र त्याचा पत्ताही नसतो, तो कोमटच असतो. उष्णता त्याच्यापर्यंत पोचायच्या आत काम संपलेलं असतं. पण बोर्डाचा पंखा-तक्ता (फॅन कर्व्ह) त्या आकड्याकडे बघून पंख्याला पळायला लावतो. कामाविना धावाधाव.

दोन बदल करा. पहिला, ६० अंशांपर्यंत पंख्याची रेषा सपाट ठेवा, ३०-३५ टक्क्यांवर. तिथून ८० पर्यंत हळूहळू चढवा, ८५ ला शंभर टक्के. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आणि तोच लोक करत नाहीत: 'स्टेप अप टाइम' किंवा 'स्मूदिंग' नावाचा पर्याय शोधा आणि तो तीन-चार सेकंदांवर न्या. आसूसच्या बोर्डावर हे क्यू-फॅनमध्ये असतं. म्हणजे तापमान तेवढा वेळ चढलेलं राहिलं तरच पंखा हलेल. त्या चार सेकंदांत प्रोसेसरला काही होत नाही.

निंबोणी

वाचनखूण साठवली. हा चढउतार माझ्याही मशीनला आहे, मला वाटायचं प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकली असेल.

धूमकेतू

सगळे टॉवर-टॉवर करताय म्हणून लिहितो. मी २४० मिमीचं एआयओ लिक्विड (पंप, नळ्या, रेडिएटर जोडूनच येणारा संच) वापरतो आणि मजेत आहे. सॉकेटच्या आजूबाजूला भरपूर जागा मोकळी राहते, रॅम काढायला कूलर काढावा लागत नाही. मशीन उचलून इकडून तिकडे न्यायचं असेल तर बोर्डावर किलोभर धातू लटकत नाही, हा फायदा कोणी मोजतच नाही. शिवाय पाण्याला तापायला वेळ लागतो. पंखे पाण्याच्या तापमानावर बांधले तर ती टॅबवाली 'व्हुंऽऽ' भानगडच संपते.

सुरवंट

@धूमकेतू, शेवटचा मुद्दा मान्य. पण पंपाचं काय? टॉवरमध्ये बिघडण्यासारखी एकच वस्तू असते, पंखा. तो गेला तर चार तारा सोडवून दुसरा लावायचा. एआयओचा पंप गेला की आख्खा संच टाकून द्यायचा. नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडतं ते वेगळंच, बहुतेक संचांना पुन्हा भरायची सोयच नसते. टॉवरच्या हीटपाइपमध्येही द्रव असतोच, पण तो कायमचा सीलबंद.

७६ वॉटसाठी हा सगळा व्याप कशाला? २५३ वॉटवाला घेऊन दिवसभर रेंडर करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

धूमकेतू

गळती, पंप, झिरपणं... एआयओच्या प्रत्येक चर्चेत हीच तीन भुतं नाचवतात. :) माझा मुद्दा एवढाच की बसवताना लोक रेडिएटर खाली आणि पंप सगळ्यात वर असा लावतात आणि मग गुरगुर ऐकू येते म्हणून लिक्विडला शिव्या घालतात. आतली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमणार. ती जागा पंपाची नको, रेडिएटरची हवी. रेडिएटर छताला लावा, नाहीतर पुढच्या बाजूला असा, की त्याचं वरचं टोक पंपाच्या वर राहील.

७६ वॉटला टॉवर पुरतो हे मीही मान्य करतो. धागाकर्त्यांना लिक्विड घ्या असं मी कुठे म्हटलं?

किंकर्तव्यमूढ

बाळबोध शंका: हीटपाइपमध्ये द्रव असतो? मला वाटायचं तांब्याच्या भरीव सळ्या आहेत.

शून्यगड

@किंकर्तव्यमूढ, पोकळ असतात. आतली हवा काढून चमचाभरही नसेल इतकं पाणी घालून बंद केलेल्या. हवा नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला वाफ होते, वाफ थंड पत्र्यांकडे पळते, तिथे निवून पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या भिंतीवरच्या सच्छिद्र थरातून परत येतं. भरीव तांब्यापेक्षा ही ने-आण कितीतरी पटींनी जलद.

रेथ स्टेल्थमध्ये यातलं काहीच नाही. नुसता ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा आणि त्यावर छोटा पंखा. म्हणूनच @मध्यनिषाद, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'येतो, पण करू नका'. त्याच्यावर १२० चा पंखा केबल टायने बांधणारे बहाद्दर आहेत, थोडाफार फरक पडतोही. पण धातूच कमी, पृष्ठभागच कमी. चांगल्या पंख्याची ताकद वाया जाते.

फणीश्वर

केबल टायचं अनुमोदन करतो. जुगाडाला नावं ठेवू नये.

आजोबा_सॉकेट७

तुम्हा लोकांचे लाड चाललेत. आमच्या वेळी सॉकेट ए च्या ॲथलॉनवर कूलर लावायचा म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक क्लिपमध्ये अडकवून जीव खाऊन खाली दाबायचं. स्क्रूड्रायव्हर सटकला की बोर्डावर ओरखडा, आणि एखादी तार तुटली की बोर्ड कामातून गेला. वर झाकण नाही, चिप उघडी. कूलर तिरका टेकला की चिपचा कोपरा उडायचा. आणि कूलरशिवाय चालू केलं तर काही सेकंदांत धूर.

नंतर २००४ मध्ये प्रेस्कॉटवाले पेंटियम ४ आले तेव्हा त्यांच्या तापण्याची लोक थट्टा करायचे. वरच्या मॉडेलांचा टीडीपी होता ११५ वॉट. आज आय५ त्याहून जास्त खातो आणि कोणी हूं की चूं करत नाही.

वाटसरू_४०४

आजोबा, तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा ना. खरंच वाचायला आवडेल.

मध्यनिषाद

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी सांगतो.

खटपट्यांनी सांगितलं तसं बायोसमध्ये केलं. स्टेप अप टाइम चार सेकंद, ६० पर्यंत सपाट. टॅबवाला चढउतार गायब! एवढ्यावर काम भागेल असं वाटत नव्हतं. रेंडरचा आवाज मात्र आहे तसाच.

केबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची १५७ मिमी दिली आहे. रॅमवर उंच, पंख फुटल्यासारखं दिसणारं झाकण आहे, बहुतेक ४४ मिमी.

खटपट्या

१५७ म्हणजे ऐरावतांचा ऐरावत दारातच अडकला. एनएच-डी१५ ची उंची १६५. एनएच-यू१२एस १५८, म्हणजे एका मिलिमीटरने हुकला. कूलर मास्टर हायपर २१२ ईव्हो १५९, तोही बाद. एक मिमीने काय होतंय असं म्हणून घेऊ नका, बाजूची काच बंद होत नाही. दाबून बंद केली तर तो दाब थेट बोर्डावर.

१५५ मिमीवाले बरेच आहेत. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई दोन टॉवरचा असूनही १५५ आहे, डीपकूलचा एके४०० एका टॉवरचा, तोही १५५.

पण तुमच्या उंच रॅममध्ये एक गोम आहे. दोन टॉवरवाल्याचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅम उंच असेल तर लोक तो पंखा क्लिपवर थोडा वर सरकवतात. तुमच्याकडे वर दोनच मिमी शिल्लक, त्यामुळे सरकवायला जागा नाही. एका टॉवरवाल्याचा पंखा बहुधा रॅमच्या अलीकडेच थांबतो. ७६ वॉटला चार हीटपाइप आणि १२० चा एक पंखा व्यवस्थित पुरतो.

ऐरावत

केबिनेट बदला मग. ;)

सुरवंट

@ऐरावत, तुम्ही कधी दार बघून फ्रीज घेता की फ्रीज बघून घर?

ऐरावत

फ्रीज बघून घर. नावाला जागायला नको?

बरं, गंमत सोडा. माझं मत का आहे ते सांगतो. कूलर मोठा असला की पंखा हळू चालतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. १० डेसिबलचा फरक कानाला निम्म्यासारखा वाटतो, तेव्हा १५ म्हणजे काय ते समजा. ७६ वॉटवर मोठा टॉवर ५००-६०० आरपीएमवर निवांत बसतो. 'पुरतो' आणि 'ऐकूच येत नाही' यात फरक आहे, आणि धागाकर्त्यांनी आवाजाचाच प्रश्न विचारलाय. तेव्हा तोफ म्हणा, काही म्हणा.

शून्यगड

हा मुद्दा बिनतोड आहे. केबिनेट मोठं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण १५७ मध्ये चर्चा संपते.

निंबोणी

पंखे निवडताना सीएफएम (किती हवा ढकलतो) बघायचा की स्टॅटिक प्रेशर (किती दाबाने)? दुकानांच्या वेबसाइटवर दोन्ही आकडे मोठमोठे असतात.

खटपट्या

हीटसिंकवरच्या पंख्याला दाब हवा, कारण समोर पत्र्यांची दाटी आहे. सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेत, समोर काहीही नसताना मोजलेला असतो. केबिनेटच्या मागे बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याला सीएफएम चालेल. पण खरं सांगू का, टॉवरबरोबर जो पंखा येतो तो त्याच टॉवरसाठी जुळवलेला असतो. वेगळा घ्यायची वेळ तो बिघडल्यावर.

बेअरिंग मात्र बघा. साधं स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि सुरुवातीला शांत, पण तेल कमी झालं की घरघर सुरू. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण पहिल्यापासूनच बारीक कुरकुर करतं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग दोन्हींच्या वरचढ. उष्ण हवेत स्लीव्हचं तेल लवकर आटतं आणि प्रोसेसरवर तर कायम उष्ण हवाच.

फणीश्वर

अवांतर: आरजीबी दिव्यांचा पंखा घेतला तर तापमान किती उतरतं?

वाटसरू_४०४

लाल रंग लावला तर पाच अंश वाढतं, निळा लावला तर पाच उतरतं. (दिवे घ्या.)

फणीश्वर

दिवे घ्यायलाच तर विचारतोय!

सुरवंट

दिवे घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. दिव्यांचे दोन जोड असतात. चार पिनांचा १२ व्होल्टचा आरजीबी आणि तीन पिनांचा ५ व्होल्टचा एआरजीबी. ५ वाला १२ च्या जागी जबरदस्तीने घुसवला तर दिवे कायमचे विझतात. बोर्डावर त्या जागेशी छापलेलं असतं, टॉर्च मारून वाचा.

मध्यनिषाद

एका टॉवरचा, चार हीटपाइपवाला, १५५ मिमीचा मागवला. आता बसवण्याबद्दल कोणी सांगेल का? स्टेल्थ काढताना काय काळजी घ्यायची?

शून्यगड

मी एवढंच म्हणेन की घाई नको. बाकी खटपट्या सांगतीलच, त्यांचा प्रांत आहे.

खटपट्या

काढण्याआधी मशीन दहा मिनिटं कामाला लावा, पेस्ट मऊ होऊ दे. मग बंद करून, वायर काढून लगेच सुरू करा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेट त्यांना फार घट्ट धरत नाही. पेस्ट सुकलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. खटका बंद असूनही येतो! म्हणून आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवायचं, चिकटपणा सुटल्याचं हाताला कळतं, मग उचलायचं. एएम५ वाल्यांना ही कटकट नाही, तिथे पिना सॉकेटमध्ये आणि प्रोसेसर धातूच्या चौकटीत दाबलेला.

दुसरं, स्टेल्थ चार स्क्रूंनी थेट मागच्या पट्टीत बसतो. चारही स्क्रू सुटले की बोर्डाच्या पाठीमागची ती लोखंडी बॅकप्लेट धपकन खाली पडते. पलीकडचं झाकण काढून एका हाताने ती धरून ठेवा, किंवा केबिनेट आडवं करून मागून काहीतरी टेकवा. स्टेल्थ बसवताना बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन कंस काढले असतील ते शोधून ठेवा. काही टॉवर त्यांनाच आकडा अडकवतात.

तिसरं, नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक पापुद्रा असतो. तो काढा. हसू नका, इथल्या निम्म्या 'नवीन कूलर तापतोय' धाग्यांचं उत्तर तो पापुद्रा असतो.

स्क्रू तिरप्या जोडीने, दोन-दोन फेरे देत आवळा. पंख्यावर बाण असतो, नसेल तर ज्या बाजूला मोटार धरणारे आडवे दांडे दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू केबिनेटच्या मागच्या पंख्याकडे हवी. वायर 'सीपीयू_फॅन' लिहिलेल्या जागेवरच लावा, नाहीतर बऱ्याच बोर्डांवर सुरू होताना पंखा सापडत नाही म्हणून ओरड होते.

किंकर्तव्यमूढ

पेस्ट वाटाण्याएवढी, फुलीसारखी की पसरून?

वाटसरू_४०४

विचारलात? झालं. आता तीन पानं.

धूमकेतू

फुली.

ऐरावत

वाटाणा. दाब आपोआप पसरवतो.

निंबोणी

मी कार्डाने पातळ पसरते. कोपरे सुटत नाहीत.

शून्यगड

तिन्ही पद्धतींत फरक पडलाच तर एखाद्या अंशाचा. कमी पडू देऊ नका एवढंच. जास्त झाली तर कडेने बाहेर येते, पुसून टाका. साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही. एकच ताकीद: लिक्विड मेटल नावाचं जे मिळतं ते ॲल्युमिनियमला लावू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, धातूचा भुगा होतो. शिवाय ते वीज वाहतं, थेंब बोर्डावर सांडला तर खेळ खलास.

आजोबा_सॉकेट७

आम्ही पांढरी सिलिकॉन ग्रीस थापायचो. कूलरवर, शर्टावर, कीबोर्डवर. सगळं व्यवस्थित चालायचं.

मध्यनिषाद

बसला! बॅकप्लेटबद्दल वाचलं नसतं तर ती नक्की आदळली असती. बाजूची काच बंद होते, रॅमला पंखा टेकत नाही.

तोच व्हिडिओ रेंडरला टाकला. तापमान ६७-६८, पंखा १००० आरपीएमच्या आत. सीपीयूचा पंखा आता कान लावून ऐकावा लागतो.

पण आता दुसराच आवाज ऐकू येतोय. बारीक, एकसुरी, मशीन रिकामं असतानाही. आधी स्टेल्थच्या गदारोळात तो दबून गेला असणार. सीपीयूच्या पंख्याला बोटाने क्षणभर थांबवून पाहिलं तरी आवाज चालूच.

सुरवंट

बोट नका घालू हो! बायोसमधून वेग कमी करून बघता येतं की.

केबिनेटच्या मागचा पंखा असणार तो. त्याच्या वायरला पिना किती आहेत, तीन का चार?

मध्यनिषाद

तीन. केबिनेटबरोबर आलेला आहे. बोर्डावरच्या चार पिनांच्या जागेत लावलाय, बसतो व्यवस्थित.

खटपट्या

बसतो, पण चौथी पिन मोकळी राहते आणि पीडब्ल्यूएमचा सिग्नल त्याच पिनवरून जातो. चार पिनांच्या पंख्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि वेग किती ठेवायचा ते त्या सिग्नलवरून कळतं. तीन पिनांच्या पंख्याला तो सिग्नल पोचतच नाही, त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलतो. बायोसमध्ये ती जागा पीडब्ल्यूएमवर ठेवलेली असेल तर हा पंखा जन्मभर पूर्ण वेगाने फिरत राहील आणि तुम्ही फॅन कर्व्ह ओढत बसाल.

बायोसमध्ये 'चासी फॅन' शोधा आणि त्याचा मोड पीडब्ल्यूएमवरून डीसी (व्होल्टेजने वेग बदलणारा) करा. 'ऑटो' असेल तरी हाताने डीसी करा, ऑटोचा अंदाज प्रत्येक वेळी बरोबर नसतो.

निंबोणी

थांबा, मी पण जाऊन बघते.

निंबोणी

माझेही दोन्ही मागचे पंखे पीडब्ल्यूएमवरच होते!! इतकी वर्षं फुल स्पीडवर फिरवतेय. डीसी केलं आणि टेबलावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

मध्यनिषाद

केलं. १३०० वरून ६०० वर आला, तो सूर गेला. पण अजून खाली न्यायला गेलो तर पंखा थांबतो आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर फिरतच नाही.

खटपट्या

तीन पिनांच्या पंख्याला फिरायला सुरुवात करण्यापुरतं व्होल्टेज लागतं. फिरत असलेला पंखा कमी व्होल्टेजवर फिरत राहील, पण थांबलेला उठणार नाही. कोणाला पाच लागतात, कोणाला सात. तेव्हा किमान मर्यादा ४५-५० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. मशीन पूर्ण बंद करून, थोड्या वेळाने चालू करून बघा. दरवेळी उठतो त्याच्या पाच टक्के वर ठेवा आणि सोडून द्या.

ऐरावत

किंवा केबिनेट बदला.